वाऱ्याचा रकाना

आमच्या रॉकेटच्या वहीत मी पाच रकाने आखून दिले होते: उड्डाण क्रमांक, पाणी, हवा, कोन आणि शेरा. सहावा रकाना आठवीतल्या एका मुलीने स्वतःच आखला, पानाच्या अगदी कडेला, आणि वर लिहिलं ‘वारा’. मी म्हटलं, "अगं, कशाला? जागा पुरत नाही." तिने मान हलवली आणि रकाना तसाच ठेवला.

डिसेंबरातला रविवार होता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाचा सडा, हे कातळाचं पठार, म्हणजे पावसाळ्यात हिरवा गालिचा आणि दिवाळीनंतर नुसतं वाळलेलं गवत, खाली काळा कातळ. पूर्वेला गडगा, म्हणजे दगडांचं रचलेलं कुंपण, गडग्यापलीकडे हापूसची बाग. पश्चिमेला सत्तरेक पावलांवर कडा आणि खाली समुद्र. रॉकेट उडवायला याहून मोकळी जागा पंचक्रोशीत नाही. एकच अडचण, कातळात खुंटी जात नाही. पहार मारली तर पहारच उसळते. म्हणून आमचा लाँचर एका फळीवर पक्का केलेला आणि फळीवर दोन्ही बाजूंना जांभ्याचे दोन चिरे ठेवलेले. नववीच्या दोन पोरांनी ते चिरे गडग्याच्या पडक्या भागातून उचलून आणले होते. परत लावायच्या बोलीवर.

रॉकेट पाण्याचं. परदेशात या छंदासाठी दुकानात तयार मोटर मिळते. तिच्यावर ‘सी६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं: अक्षरावरून एकूण आवेग कळतो, पहिला आकडा सरासरी जोराचा, न्यूटनमध्ये, आणि दुसरा म्हणजे जळण संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडायचं तो. आमच्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की दारू भरलेलं काहीही शाळेच्या नावावर उडणार नाही, आणि ते बरोबरच होतं. मग सवा दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप आणि ६० पाउंड हवा. अर्धा इंची पीव्हीसी पाइप बाटलीच्या तोंडात जवळजवळ बेतल्यासारखा बसतो. बाटलीच्या मानेवरच्या कडेला केबल टायचे खटके धरतात, त्यांच्यावरून एक कडं खाली ओढलं की रॉकेट सुटतं. पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. पुढचा सगळा प्रवास मिळालेल्या वेगावर.

पंख मात्र आमचे खास. पोफळीच्या विरीचे, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुंध्याशी असतं त्या रुंद पात्याचे. सनबोर्ड आणायला देवगडला जावं लागतं, विरी आगरात फुकट पडलेली असते. पाण्यात भिजवायची, दोन पाटांमध्ये दाबून वाळवायची, मग कातरीने कापायची. वजनाला हलकी आणि कणखर. खोड एकच, दव लागलं की पिळते. पहिल्या आठवड्यात आमचं रॉकेट भोवऱ्यासारखं फिरत वर गेलं होतं. कारण शोधायला दोन दिवस लागले: तिन्ही पंख एकाच दिशेला चिमूटभर वळले होते. त्यानंतर आम्ही पंखांना दोन्ही बाजूंनी फेविकॉलचा पातळ हात दिला.

टोकाला अर्धा टेनिसचा बॉल, त्याच्या आत जाळ्याला लावतात ती शिशं. रापणीवाल्या घरातला एक मुलगा खिसा भरून घेऊन आला होता, घरी विचारून आणली की नाही ते मी विचारलं नाही.

रॉकेट सरळ जाण्याचा नियम साधा आहे. गुरुत्वमध्य पुढे हवा आणि दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा, मागे. दोघांत निदान रॉकेटच्या जाडीएवढं अंतर. आमची बाटली ११ सेंटिमीटर जाड. दाबकेंद्र गणिताने काढायची रीत बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली, पण आठवीच्या मुलांपुढे ती समीकरणं कशाला? आम्ही रॉकेटची आकृती पुठ्ठ्यावर कापली आणि ती पट्टीच्या धारेवर तोलली. जिथे तोलली तिथे दाबकेंद्र. अंतर निघालं साडेनऊ सेंटिमीटर. अकराला कमी! हा आकडा माझ्या डोक्यात काट्यासारखा रुतला आणि दिवसभराचा घोळ त्यातूनच झाला.

सकाळी आठला पहिलं उड्डाण. पाणी ७०० मिली, हवा ६० पाउंड. मुलं गडग्याच्या आड, उलटी मोजणी, आणि सर्रकन रॉकेट वर. छान गेलं, पण सरळ नाही. पूर्वेला झुकलं आणि थेट बागेत. पॅराशूट उघडलं नाही. ते त्या दिवसात एकदाही उघडलं नाही, त्याची कथा निराळी आहे.

दुसरं उड्डाण, पुन्हा पूर्वेला. मी फळीवर लेव्हलची बाटली ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध होता, पण मला तो किंचित सरकल्यासारखा वाटला. जे पाहायचं असतं ते दिसतं. मी फळीच्या पूर्वेच्या कडेखाली जांभ्याची एक कपची सारली, म्हणजे लाँचर पश्चिमेला थोडा कलेल आणि झुकाव निघून जाईल. तिसरं उड्डाण खरोखर बऱ्यापैकी सरळ गेलं. ४१ अंश. ५० मीटरवर कोनमापक धरून उभ्या मुलाने हिशेब केला: ४३ मीटर, अधिक त्याच्या डोळ्यांची उंची. मी खूश.

तेवढ्यात बागेचा राखणदार गडग्यावर येऊन उभा राहिला, पहिलं रॉकेट हातात घेऊन. आमच्याकडे बहुतेक बागांत नेपाळी राखणदार असतात, हाही तिकडचाच. मला वाटलं आता मोहोर झडल्याची तक्रार येणार. त्याने बाटली उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मास्टरजी, इससे बंदर भागेगा क्या?" माकडांनी त्याचा इतका पिच्छा पुरवला होता की त्याने रॉकेट परत द्यायला चांगली पाच मिनिटं घेतली.

मग मी ती मोठी चूक केली. साडेनऊचे अकरा करायचे म्हणून पंख वाढवले. विरीचे नवे, जवळजवळ दुप्पट मोठे. टोकात आणखी शिशं. पुठ्ठ्यावर पुन्हा तोललं: अंतर १९ सेंटिमीटर. मी मुलांना म्हणालो, "आता हे हलणारच नाही." हे सगळं कापणं-चिकटवणं, मध्ये मुलांचे पोहे, चिकट सुकायची वाट. बारा वाजून गेले.

चौथं उड्डाण. कडं ओढलं आणि रॉकेट लाँचरवरून सुटतं न सुटतं तोच नाक पश्चिमेकडे वळलं. नुसतं झुकलं नाही, वळलंच. कोनमापकवाला पोरगा ओरडला, "सर, समुद्रात!" कड्यापाशी कुणी जायचं नाही असा नियम होता, म्हणून मुलांना तिथेच बसवलं आणि मी एकटा धावत गेलो.

खाली ओहोटी होती. खडपावर दोन बायका वाकून कालवं काढत होत्या. आमचं रॉकेट त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर एका डबक्यात पडलं होतं, शिशाचं टोक खाली, विरीचे पंख वर. एकीने कोयती हातात तशीच धरून वर पाहिलं.

"मास्तरानू, जीव घेतास काय आमचो?"

मी काय बोललो आठवत नाही. हात जोडले एवढं आठवतं. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला देशातलं पहिलं रॉकेट सोडलं तेव्हा ते समुद्रातच पडायचं होतं आणि ते सगळं आधी ठरवलेलं होतं. मी कड्याच्या खाली डोकावून पाहण्याचीही तसदी घेतली नव्हती. ओहोटीला तिथे माणसं असतात, हे गावात राहून मला माहीत नव्हतं असं नाही.

परत येऊन मी उड्डाणं थांबवली. काजूच्या सावलीत बसलो. मुलं गप्प. मी पंख वाकले असतील, पाइप हलला असेल असं काहीबाही बोलत होतो. तेव्हा वहीवाली मुलगी म्हणाली, "सर, सकाळी मतलई होता, तेव्हा ते बागेकडे गेलं. आता खारा सुटलाय, तर समुद्राकडे गेलं. दोन्ही वेळा वारा जिथून येतो तिकडेच."

मी वही घेतली. पहिलं: पूर्व. दुसरं: पूर्व. तिसरं: ‘वारा पडला’. चौथं: पश्चिम, आणि पुढे ‘जोरात’. तिने गवताची काडी दोऱ्याला बांधून हातात धरली होती, एवढंच तिचं यंत्र.

"पण वाऱ्याने ते ढकललं जायला हवं," रापणीवाला म्हणाला, "उलट कसं जातं?"

"आमच्या आजोची होडी नांगरावर असते तेव्हा नाळ, पुढचं टोक, कुठे करते?" ती म्हणाली. "वाऱ्याकडेच ना?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. आमच्या शाळेत भूगोलही मीच शिकवतो. खारे वारे, मतलई वारे, वातकुक्कुट, सगळं दरवर्षी फळ्यावर काढतो. वातकुक्कुटाची शेपटी मोठी का, हेही सांगतो. आणि सकाळभर मी रॉकेटला नेमकी तीच मोठी शेपटी चिकटवत बसलो होतो. आडवा वारा शेपटीला ढकलतो, शेपटी मागे जाते, नाक वाऱ्याच्या तोंडाशी येतं. पंख जितके मोठे तितकं हे पटकन होतं. शिवाय पुठ्ठ्याची पद्धत मुळात सावध आहे, ती दाबकेंद्र असतं त्याहून पुढे दाखवते. म्हणजे साडेनऊ हा आकडा कमी नव्हताच. तिसरं उड्डाण सरळ गेलं त्यात माझ्या कपचीचं फारसं कर्तृत्व नव्हतं. नऊ-साडेनऊला मतलई सरतो आणि खारा सुटायला वेळ असतो, त्या मधल्या पडलेल्या वाऱ्यात ते उडालं होतं. आणि दुपारी तीच कपची खाऱ्या वाऱ्याला मदत करत होती.

दुसऱ्या बाटलीला जुन्या मापाचे पंख लावले, त्यातूनही बोटभर कापले. वाढवलेली शिशं काढली. लाँचर कड्यापासून उचलून गडग्याजवळ नेला, चिऱ्यांसकट. नववीचा एक मुलगा कड्याच्या अलीकडे वीस पावलांवर झेंडा घेऊन उभा केला आणि मी स्वतः जाऊन खाली कुणी नाही हे पाहून आलो. बायका गेल्या होत्या, भरती चढत होती.

साडेचार वाजले. वारा दुपारइतकाच, गवत सगळं पूर्वेला झोपलेलं. पहिल्यांदा ५० पाउंडच भरले. सुटलं, वर गेलं, नाक पश्चिमेला जरासं कललं आणि लाँचरपासून वीस-बावीस पावलांवर सड्यावरच आपटलं. बॉल उसळला, बाटलीला पोचाही नाही. मग ६० पाउंड. ४० अंश. पोरांनी इतका गलका केला की राखणदार पुन्हा गडग्यावर आला.

अंधार पडताना चिरे जागेवर लावले आणि मी वही सहीसाठी घेतली. सहाव्या उड्डाणाच्या ओळीत सगळे आकडे नीट होते. वारा: पश्चिम. शेरा: सरांनी लावलेली कपची काढली.