कडबा, बुरशी आणि माझ्या कंट्रोलमधले गंधक

ज्वारीच्या कडब्याला गंधकाची जोड दिली, तर जनावराच्या कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातील) बुरशी तो अधिक चांगला फोडते का, एवढाच माझ्या एमव्हीएस्सीच्या (पशुवैद्यकातील पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा प्रश्न होता. या बुरशीला प्राणवायू मुळीच चालत नाही. तिचे शेपटीधारी बीजाणू पूर्वी आदिजीव समजले जात. ते बुरशीचेच आहेत, हे कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये दाखवले. तिचे तंतू कडब्याच्या धांड्यात शिरतात आणि ते आतून पोखरतात.

फिस्टुला (पोटातला रस काढण्यासाठी कुशीत केलेले झाकणाचे छिद्र) बसवलेल्या बैलाच्या कोटीपोटातला रस चार पदरी मलमलीतून गाळून, थर्मासात भरून मी धावतच प्रयोगशाळेत आणत असे. बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, जिवाणू मारायला प्रतिजैविके घालायची आणि रेझाझुरिन या रंगसूचकाचा गुलाबी रंग जाण्याची वाट पाहायची. गुलाबी छटा राहिली, तर आत हवा शिरलेली असते. पहिला महिना त्या गुलाबी रंगानेच खाल्ला. पुढे ३९ अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांत कडब्याचे तुकडे बुडबुड्यांसह वर तरंगू लागले, तेव्हा बुरशी धरली हे कळले. पंचाईत अशी की गंधक घातलेल्या आणि न घातलेल्या (तुलनेसाठीच्या, म्हणजे कंट्रोलच्या) बाटल्यांत काडीचाही फरक दिसेना.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी नोंदवही चाळून एवढेच विचारले, "हवा घालवायला काय घालतेस?" मी म्हणाले, सिस्टीन. आणि म्हणतानाच चूक उमगली, कारण सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. माझी 'बिनगंधकाची' बाटली कधी उपाशी राहिलीच नव्हती. मग सिस्टीनऐवजी गंधक नसलेले टायटॅनियम सायट्रेट आणले, माध्यमातला (बुरशी वाढवायच्या द्रवातला) कोटीपोटाचा रस काढून टाकला आणि आधीचे गंधक विरळ व्हावे म्हणून बुरशी दर तीन-चार दिवसांनी नव्या बाटलीत हलवत राहिले. त्यानंतर कुठे कंट्रोलमधला कडबा तळाशी बसून राहिला. गंधक सल्फेटच्या रूपात दिलेल्या बाटल्याही जवळपास तशाच राहिल्या. सल्फाइडच्या रूपात दिलेल्यांतला कडबा मात्र तरंगला. जिवंत जनावरात सल्फेटचे सल्फाइड जिवाणू करतात, आणि ते तर मी स्वतःच मारले होते!

बैलाची निगा राखणारे काका हे सारे ऐकून म्हणाले, "मग घरच्या म्हशीला गंधक चारू का?" मी घाईने नको म्हणाले. एकूण चाऱ्याच्या शुष्कांशात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) गंधक ०.४ टक्क्यांच्या वर गेले तर ते बाधू शकते, आणि मॉलिब्डेनमच्या जोडीने ते तांबे अडकवून ठेवते. शिवाय नुसत्या कडब्यावरच्या म्हशीला आधी पेंडीसारख्या खाद्यातले नत्र हवे. दहा ते पंधरा भाग नत्रामागे एक भाग गंधक पुरते. काकांनी पेंडीचा भाव सांगितला आणि ते बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.