बारा इंची पानावरची गोगलगाय

फोन आणि लॅपटॉप मिळून माझ्याकडे निसर्गाचे चारेक हजार फोटो साठले होते. पानं, झाडांच्या साली, कोळ्यांची जाळी, दवाचे थेंब, अळंबी, ढग. काढताना गुडघे चिखलात टेकवून काढलेले आणि नंतर कधीच न उघडलेले. एका सुट्टीत ठरवलं, की यातल्या निवडक फोटोंची डिजिटल स्क्रॅपबुकची पानं करायची. कात्री-गोंदाचं स्क्रॅपबुक शाळेत केलेलं होतं, म्हणजे हे काही फार अवघड नसणार, असा माझा समज. पहिल्या पानाला तीन आठवडे लागले. ते पान मी आजही कुणाला दाखवत नाही.

सुरुवातच चुकली ती मापात. मी स्क्रीनवर बरं दिसेल एवढं पान घेतलं, हजारेक पिक्सेलचं. ते छापून पाहिलं तेव्हा सगळं धुरकट. स्क्रॅपबुकचं नेहमीचं पान १२ बाय १२ इंचांचं असतं, आणि छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे पान हवं ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं. हा गुणाकार कळल्यावर फोटोंकडे बघायची नजरच बदलली. फोनचा पूर्ण फोटो ४००० बाय ३००० असला, तर तो पानभर पसरायलाही जवळपास पुरतो. पण त्यातला चिमुकला भुंगा कापून घेतला आणि तो ९०० पिक्सेल रुंद निघाला, तर त्याला पानावर तीनच इंच जागा. ताणून मोठा केला की त्याचे पाय विरघळतात. लहानच ठेवायचा आणि भोवती मोकळी जागा सोडायची. भुंग्याला ती शोभतेही.

मोठ्या पानाची दुसरी बाजू लॅपटॉपच्या पंख्याने ऐकवली. सॉफ्टवेअरमध्ये चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचं, म्हणजे लेयरचं, बनतं. एवढ्या मापाचा एक लेयर मेमरीत जवळपास ५० एमबी खातो. तीस लेयर झाले की दीड जीबी. माझं मशीन तिसाव्या लेयरला अक्षरशः कण्हायला लागायचं. तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने फाइल नवीन क्रमांकाने सेव्ह करते. एकदा सगळं पान गेल्यावर ही सवय आपोआप लागते.

मी वापरते ते गिंप, फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर. मोफत आहे आणि मला जे करायचंय ते त्यात होतं. त्यात एका आकारात फोटो बसवायला मी वापरते ती सरळ पद्धत अशी: चौकटीच्या लेयरवर राइट क्लिक करून ‘अल्फा टू सिलेक्शन’, म्हणजे चौकटीचा आकार निवडला जातो, मग फोटोच्या लेयरवर जाऊन ‘अ‍ॅड लेयर मास्क’ आणि त्यात ‘सिलेक्शन’ निवडायचं. मास्कवर पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे लपतो. फोटो मात्र जसाच्या तसा राहतो, खोडरबर फिरवल्यासारखा कायमचा जात नाही. मी पहिले दहा दिवस खोडरबरच फिरवत होते.

आता खरी गोष्ट. माप जमलं, मास्क जमले, तरी माझी पानं खोटी दिसायची. कागदावर वाळकं पान ठेवलंय असं वाटायच्या ऐवजी कुणीतरी त्याचं स्टिकर चिकटवल्यासारखं. आधी मला वाटलं सजावट कमी पडतेय, म्हणून रिबिनी आणल्या, बटणं आणली, कोपऱ्यात फुलपाखरू. पान आणखीच बिघडलं. शेवटी वैतागून लॅपटॉप मिटला, एक कोरा कागद घेतला, त्यावर खरंखुरं वाळकं पान ठेवलं आणि उन्हात जाऊन उकिडवी बसले.

पान जिथे कागदाला टेकलं होतं तिथे सावली बारीक, गडद, रेघ मारल्यासारखी. टोक जिथे वर उचललं होतं तिथे ती लांब सरकलेली, फिकट, कडेला विरलेली. सूर्य आपल्याला बिंदू म्हणून दिसत नाही, सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो. त्यामुळे वस्तू कागदापासून जितकी वर, तितकी तिच्या सावलीची कड पसरते. माझ्या स्क्रॅपबुकच्या पानावर मात्र सॉफ्टवेअरची तयार ‘ड्रॉप शॅडो’ होती, चारी बाजूंनी एकसारख्या जाडीची आणि कुळकुळीत काळी. पानाचं प्रत्येक टोक कागदापासून अगदी सारख्याच उंचीवर तरंगतंय, असं ती सावली ओरडून सांगत होती. आणि डोळा हे लगेच पकडतो, मालकाला कारण सांगता आलं नाही तरी.

मग सावल्या हाताने करायला शिकले. वाळक्या पानाच्या लेयरची प्रत काढायची, तिचा ‘लॉक अल्फा’ लावायचा, म्हणजे रंग फक्त पानाच्या आकारातच भरतो. काळा न घेता कागदाच्याच रंगाची खूप गडद छटा भरायची. बदामी कागदावर मी गडद तपकिरी घेते. ही प्रत मूळ पानाच्या खाली सरकवायची, कडा धूसर करणारा ‘गॉसियन ब्लर’ द्यायचा, प्रकाशाच्या उलट दिशेला जराशी ढकलायची आणि अपारदर्शकता निम्म्यावर आणायची. शेवटी ‘वॉर्प ट्रान्सफॉर्म’ने उचललेल्या टोकाची सावली थोडी बाहेर ओढायची. इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडले. एक, ब्लर देण्याआधी ‘लॉक अल्फा’ काढायचा विसरलं तर कड पसरतच नाही. मी आकडा वाढवत वाढवत शंभरावर नेला होता आणि सावली ढिम्म. दोन, लेयर पानाच्या आकाराएवढाच चिमटलेला असेल तर पसरलेली सावली लेयरच्या हद्दीवर सरळ रेषेत कापली जाऊ शकते. आधी ‘लेयर टू इमेज साइज’ करून घ्यायचं.

प्रकाशाची दिशा हा त्याचाच पुढचा भाग. फोटोत ऊन डावीकडून येतंय आणि पानावरच्या सावल्याही डावीकडेच पडतायत, असं माझ्या निम्म्या पानांवर होतं. आता मी पान सुरू करताना एका लेयरवर मोठा पिवळा बाण काढते, मुख्य फोटोत प्रकाश जिकडून येतो तिकडून. पान झालं की बाण लपवायचा. बालिश वाटतं, पण चालतं.

वरचा लेयर खालच्यात मिसळायच्या दोन पद्धतींनी मात्र माझे तासन् तास वाचवले. ‘मल्टिप्लाय’मध्ये वरच्या आणि खालच्या लेयरच्या रंगांचे आकडे, शून्य ते एक धरून, एकमेकांशी गुणले जातात. पांढरा म्हणजे एक, त्याने गुणून काही बदलत नाही, म्हणून पांढरं गायब होतं. पांढऱ्याफटक आभाळासमोरच्या निष्पर्ण फांद्यांचा फोटो अशा रीतीने कागदावर ठेवला, की आभाळ जातं आणि फांद्या शाईने काढल्यासारख्या उरतात. एकही काडी कापावी लागत नाही. ‘स्क्रीन’ याच्या उलट, त्यात काळं गायब होतं. गडद झाडीसमोरचं दवाने भरलेलं कोळ्याचं जाळं मी आधी दोन संध्याकाळी एकेक धागा कापत बसले होते. ‘स्क्रीन’ लावल्यावर तेच काम एका क्लिकमध्ये झालं, तेव्हा आनंदापेक्षा राग जास्त आला.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. फोटोशॉप वापरणाऱ्या एका मैत्रिणीकडे ‘कोपऱ्यात’ लिहिलं की जोडाक्षर मोडून पडायचं. टेक्स्टच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडल्यावर ते सुटलं. माझ्याकडे जोडाक्षरं नीट यायची, पण शेवाळाच्या मऊ फोटोशेजारी सुबक छापील अक्षर सरकारी नोटिशीसारखं दिसायचं. त्यावरचा उपाय मला पावणेदोनशे वर्षांहून जुन्या कामात सापडला. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज वनस्पतिअभ्यासक बाईंनी १८४३ मध्ये समुद्रशैवालांच्या सायनोटाइप चित्रांचा संग्रह काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून तो ओळखला जातो. लोहाच्या क्षारांचं द्रावण लावलेल्या कागदावर थेट शैवाल ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. वनस्पतीची आकृती पांढरी राहते आणि भोवतालचा कागद गर्द निळा होतो. आणि त्यातला मजकूर? तोही बाईंच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, त्याच निळ्या कागदावर.

मग मीही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने लिहिलं, खिडकीजवळ फोटो काढला, ‘लेव्हल्स’ने कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी केली आणि ‘मल्टिप्लाय’ने पानावर टाकलं. माझं अक्षर काही सुंदर नाही. पण शेवाळाशेजारी ते शोभलं. त्याच उत्साहात नेच्याचं एक पान स्कॅनरवर ठेवून स्कॅन केलं, रंग काढून टाकले, ‘इन्व्हर्ट’ करून काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ‘ग्रेडियंट मॅप’ लावला. ऊन नाही, पाणी नाही, तरी निळं पान तयार. हे माझं सर्वांत कमी लेयरचं आणि सर्वांत आवडतं पान.

ही पानं पाहून मामेबहिणीचा फोन आला. “ताई, मलाही शिकव ना.” मी म्हटलं, “त्यात काय, फाइलच पाठवते.” पाठवली. अर्ध्या तासात पुन्हा फोन. “अगं ताई, यात ‘लेयर २३ कॉपी #२’ म्हणजे नक्की काय?” मी उघडून पाहिलं आणि मलाही सांगता येईना. एकाहत्तर लेयर, एकालाही धड नाव नाही, त्यातले नऊ रिकामे. दुसऱ्याला शिकवायला बसले तेव्हा कळलं, की अर्ध्या गोष्टी मी नशिबाने केल्या होत्या. ती रात्र लेयरना नावं देण्यात गेली: ‘पान’, ‘पानाची सावली’, ‘कागद’, ‘बाण’. मग प्रत्येक पायरी लिहून काढली, आकड्यांसकट. लिहिताना दोन पायऱ्या बिनकामाच्या निघाल्या.

फाइल देताना आणखी एक अडलं. त्यात मी कुठून तरी उतरवलेले शाईच्या डागांचे ब्रश होते, आणि त्यांच्या अटींत ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं. सपाट केलेलं पान दाखवणं वेगळं आणि तो डाग सुट्या लेयरवर दुसऱ्याच्या हाती देणं वेगळं. डाग काढले, पाण्यात शाई सोडून स्वतःचे केले. आता माझे रिकामे साचे मी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी, फक्त श्रेय मागणाऱ्या परवान्याखाली देते, म्हणजे घेणाऱ्याला दरवेळी विचारावं लागत नाही. पूर्ण झालेली पानं मेसेजमधून पाठवायची तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, नाहीतर ३६०० पिक्सेलचा वाटेत पार चुरा होतो. आणि घरट्याचा फोटो असेल तर तो देण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती पुसते. फोन ती अनेकदा गुपचूप फोटोच्या आत लिहून ठेवत असतो, आणि सुटा फोटो तसाच दिला तर घरट्याचा पत्ताही त्याच्याबरोबर जातो. हौशी लोकांची रांग लागली की पक्षी घरटं सोडूनही जातात.

बहीण शिकली भराभर. इतकी, की महिनाभरात ती माझीच पानं तपासायला लागली. एका पानावर मी ओल्या दगडावरची गोगलगाय घेतली होती. ती पानाच्या बाहेर बघत होती, आणि प्राण्याचं तोंड नेहमी पानाच्या आत असावं असा मांडणीचा नियम, म्हणून मी तिला आडवी फ्लिप केली होती, आरशात दिसावी तशी. बहिणीचा निरोप आला: “ताई, हिचा शंख उलटा फिरतोय गं.”

मी मूळ फोटो काढला. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजव्या वळणाचा. बहुसंख्य गोगलगायी अशाच असतात. डाव्या वळणाच्या असतात, पण कमी. माझीही मुळात उजवीच होती. मी तिला एका क्लिकमध्ये दुर्मीळ करून टाकलं होतं. आणि मग लक्षात आलं, की या पानावरच्या सावल्यांनी मला इतकं का छळलं होतं. फ्लिप केल्यावर डावीकडचं ऊन उजवीकडून यायला लागलं होतं, बाण मात्र मी मूळ फोटो पाहून काढला होता. तीन सावल्या हाताने ओढून-ताणून मी ती विसंगती लपवत बसले होते.

गोगलगाय पुन्हा सरळ केली आणि पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तोंड आपोआप आत आलं. त्या तीन सावल्या पुसल्या, बाणाप्रमाणे नव्या केल्या, वीस मिनिटांत काम झालं. बहिणीला पाठवलं. तिने शाबासकीचा अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, “बाकी कुठे कुठे फ्लिप केलंयस?”

जुनी पानं उघडून बसले. अकराव्या पानावर चंद्रकोर निघाली, फ्लिप केलेली. वर माझ्याच हस्ताक्षरात ‘संध्याकाळ’, आणि खाली कोर पहाटेची.