आई गरम गरम जेवली

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या एका रिसॉर्टवर आम्ही सगळे राहून आलो. मुंबईचे काका-काकू, पुण्याची आत्या, पोरंटोरं आणि आजी. खर्च दणकून झाला, पण त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

सकाळी नाश्त्याला आई सवयीप्रमाणे उठून सगळ्यांना वाढायला लागली. तिथल्या वाढणाऱ्या मुलाने तिच्या हातातला डाव हळूच घेतला. "मावशी, तुम्ही बसा, मी गरम आणतो." आई बसली. मिसळीवर तर्री घेतली, लिंबू पिळलं, पाव बुडवून सावकाश खाल्लं, एकदाही न उठता. आमच्याकडे चार माणसं जमली की आई आणि काकू शेवटच्या पंगतीला, गार झालेलं जेवायला. तिला असं निवांत खाताना पाहून माझे डोळे भरून आले.

पोरं दिवसभर पाण्यात. जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ.

दुपारी आजीने नातवंडांना गॅलरीत बोलावलं. "ही आपली गोदावरीच. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून येते. हे धरण १९६५ साली पूर्ण झालं, तेव्हा मी नवी नवरी होते." आपल्या नाशिकच्या नळाला इथलंच पाणी येतं, हे ऐकून धाकटा तर चाटच पडला!

दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरतंय. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवणार आहे. काका, तुम्ही रजा टाका!