कॅलेंडरवरचे लाल गोल

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देणारे तपासणी मंडळ बुधवारी बसत असे. डिसेंबरातल्या त्या बुधवारी मी सकाळी आठलाच नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोहोचले, तरी रांगेत माझ्यापुढे चाळीसेक माणसे होती. मानवशास्त्राची संशोधक म्हणून गेले दीड वर्ष मी उत्तर नागपुरातल्या काही वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांकडे जात होते. आजारी माणूस आणि शासन यांच्यामध्ये जे कागद असतात, ते कोण मिळवते, कसे मिळवते आणि ते मिळवताना त्याच्या दिवसाचे काय होते, हा माझा विषय होता. त्या दिवशी मी ज्यांच्यासोबत होते त्या ताई धुणीभांडी करतात. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा बारावीत आहे आणि विदर्भात सगळे म्हणतात त्या भाषेत तो 'एसएस पॅटर्न'चा, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, आहे. आईवडील दोघेही 'एएस', म्हणजे वाहक, असले की प्रत्येक गरोदरपणात असे मूल होण्याची शक्यता चारात एक असते. हे गणित ताईंना लग्नानंतर, मूल दोन वर्षांचे झाल्यावर कळले.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडे, छाती, पाठ असह्य दुखू लागते. थंडी, ताप, अतिश्रम किंवा शरीरातले पाणी कमी होणे, यांपैकी काहीही त्याला पुरते. एरवी माणूस चारचौघांसारखा दिसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियासोबत सिकलसेलही आला, आणि त्यामुळे न दिसणारे दुखणे टक्क्यांत मोजण्याची वेळ आली. त्या घराला चाळीस हा आकडा हवा होता. चाळीस टक्क्यांपासून कायद्याच्या भाषेतले 'लक्षणीय दिव्यांगत्व' सुरू होते आणि उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांचा दरवाजा तिथेच उघडतो. सरकारी नोकऱ्यांमधल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. ही गोष्ट मी ताईंना सांगितली होती. त्या म्हणाल्या, "पहिले शिकू त द्या."

रांगेत आमच्या मागे मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून आलेले एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. नागपूर १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्ये बदलली तरी त्या बाजूच्या माणसांची दवाखान्याची वाट बदललेली नाही. बाह्यरुग्ण विभागात त्यांना कोणी अडवले नव्हते, पण या खिडकीवर रहिवासाचा पुरावा मागितला गेला आणि त्यांचा पुरावा दुसऱ्या राज्याचा निघाला. ते काही न बोलता रांगेतून बाहेर पडले.

आमचा नंबर लागला तेव्हा साडेबारा झाले होते. मुलाच्या अंगात दोन स्वेटर आणि कानाला मफलर होता. थंडीने दुखणे उसळू नये म्हणून ताईंनी त्याला असे गुंडाळूनच आणले होते आणि पाण्याची दोन लिटरची बाटली त्याच्याकडून जवळजवळ संपवून घेतली होती. त्यामुळे खुर्चीत बसलेला मुलगा अगदी ठणठणीत दिसत होता. तपासणारे डॉक्टर तरुण होते, थकलेले होते आणि माझ्या मते सरळ होते. त्यांनी विचारले, वर्षभरात किती वेळा भरती झाला, रक्त किती वेळा चढवले, कागद आहेत का. भरतीचे कागद दोन होते. रक्त एकदाच चढवले होते.

"अन् बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी घरीच करतो ना जी सगळं. पाणी पाजतो, रातभर शेकतो, डॉक्टरनं लिहून देल्ली गोळी देतो. दरवेळी कुठं भरती करू? माही कामं सुटतात."

मग ताईंनी पिशवीतून गुंडाळी काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरांची ती तीन वर्षांची पाने होती. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणत्या घरचा पगार कधी आला, हे सगळे निळ्या पेनाने लिहिलेले होते आणि त्यांच्यामध्ये लाल गोल होते. ज्या दिवशी मुलाचे दुखले त्या तारखेला गोल. दोन दिवस दुखले तर दोन्ही तारखांना मिळून एक लांबट गोल. दीड वर्ष त्या स्वयंपाकघरात बसूनही त्या गोलांचा अर्थ मी विचारला नव्हता. मला ते उपासाचे दिवस वाटले होते. क्षेत्रकार्याचे प्रशिक्षण घेतलेल्या बाईने असे समजावे, हे मला आजही खटकते.

डॉक्टरांनी ती पाने बघितली, दोन महिन्यांची पाने उलटूनही पाहिली. "पण यावर कोणाचा शिक्का नाही," ते हळू आवाजात म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिले. "या मॅडमनं दोनदा सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. त्यांच्या वहीत लिवून आहे." ते खरे होते. जुलैमधल्या एका रात्री मी त्या घरी होते, आणि मुलगा उशी चावून ओरडणे दाबत होता हे मी तारीखवेळेसह नोंदवले होते. अभ्यासाच्या ठिकाणी ढवळाढवळ करू नये, हा आमच्या शिस्तीतला जुना दंडक आहे, पण त्या क्षणी गप्प बसणे हीसुद्धा ढवळाढवळच झाली असती असे मला वाटले. मी सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मी लिहू कशाच्या आधारावर?" टक्केवारी चाळीसच्या खाली जाईल, असे त्यांनी तिथेच स्पष्ट सांगितले.

चेर्नोबिलच्या १९८६च्या अणुदुर्घटनेनंतर युक्रेनमध्ये बाधित असल्याचे सिद्ध करणे हाच शासनाकडून काही मिळवण्याचा मार्ग झाला. तिथल्या अभ्यासातून आलेली 'जैविक नागरिकत्व' ही, म्हणजे शरीराला झालेल्या इजेच्या आधारे शासनाकडे हक्क मागण्याची, कल्पना मी माझ्या प्रस्तावात मोठ्या विश्वासाने वापरली होती. त्या व्हरांड्यात मला तिची दुसरी बाजू दिसली. जी आई दुखणे घरातच आटोक्यात आणते, तिचा मुलगा कागदावर कमी आजारी ठरतो. तिने काळजी कमी घेतली असती तर टक्के वाढले असते. त्यातून हे कुटुंब बौद्ध, शहरातल्या वस्तीतले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेले सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान प्रामुख्याने आदिवासी भागांसाठी आखलेले आहे. ते तसे असण्याला कारणे आहेत, पण हा आजार विदर्भात आदिवासींइतकाच दलित वस्त्यांमध्येही आहे आणि ताईंनी भित्तिपत्रकावर पाहिलेला रुग्ण त्यांच्या गल्लीतला नव्हता.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "आज दुखत असतं त बरं झालं असतं." मुलगा हसला. लगेच त्यांनीच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मफलर सारखा केला.

एप्रिलमध्ये मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. मुलाची परीक्षा संपली होती आणि तो झोपला होता. स्वयंपाकघरात नवे कॅलेंडर लागले होते. फेब्रुवारीत दोन आणि मार्चमध्ये तीन लाल गोल होते आणि प्रत्येक गोलाशेजारी निळ्या पेनाने केसपेपरचा नंबर लिहिलेला होता. दुधाच्या खाड्यांच्या जोडीला आता ताईंच्या कामाचे खाडेही त्याच पानावर होते. मार्चमध्ये ते सात होते आणि एका घरच्या पगारापुढे काट मारलेली होती.