डिपॉझिट ठरलं, मग आडनाव पाहिलं
आज मित्रासोबत वर्धा रोडकडे फ्लॅट पाहायला गेलतो, घरमालक काकांनी किचन दाखवलं, नळ किती वाजता येतो तेही सांगितलं, डिपॉझिट ठरलं अन् मग आधार कार्डावरचं आडनाव वाचून म्हणे "घरी विचारून सांगतो". फोन आलाच नाही. मित्र एवढंच बोलला, "पोरीची शाळा इथून जवळ पडली असती रे." लय राग आला मला. 1956 मध्ये याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत दीक्षा घेतली, त्याच्याही आधी घटनेच्या कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली, अन् इथं अजून आडनाव पाहून घर देऊन राहिले लोक! ती पोरगी रोज ऑटोत तासभर घालवणार, त्याचा हिशोब कोण देणार?