बबल हेम फुगला, तोही कॅन-कॅनशिवाय

मंडळी, फुगला एकदाचा! मागच्या अपडेटमधला बबल हेमचा, म्हणजे तळ आत वळवून फुग्यासारखा गोल केलेला, मोरपंखी टाफेटाचा (कडक, सळसळत्या कापडाचा) स्कर्ट, ज्याला तुमच्यातल्या काहींनी ‘पंक्चर स्कर्ट’ म्हटलं होतं, तो आता बसून उठल्यावरही गोल राहतो.

तेव्हाचं दुखणं आठवत असेल. अस्तर पाच इंच आखूड, वरच्या कापडाचा घेर दुप्पट, लांब टाक्यांच्या दोन ओळी ओढून चुण्या, मग अस्तराच्या तळाला जोड. सगळं रीतसर. तरी घालून थोडं फिरलं की तळाची गोलाई बसायची आणि मांडीपाशी झोल. ‘कॅन-कॅन (आतून फुगवणारी कडक जाळी) भर’ म्हणालात, भरलं. फोटोत झकास, पण चालताना खरखर आणि बसलं की एक बाजू वर. लग्नाच्या घागऱ्याला ठीक. इथे आकार कापडानेच धरायला हवा.

डोक्यात प्रकाश पडला तो स्प्रिंग-समर 2026 चे फोटो पुन्हा चाळताना. ऑक्टोबर 2025 मध्ये डिझायनर पिच्चोलीने बॅलेन्सियागा या फॅशन हाउसमधला पहिला शो केला, त्यात तिथल्याच 1957 च्या सॅक ड्रेसची (कमरेत न आवळलेल्या सैल ड्रेसची) थेट आठवण होती. अंग आणि कापड यांच्यात हवा खेळती ठेवणं हे संस्थापक क्रिस्टोबाल बॅलेन्सियागाचं जुनं वेड. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या अब्राहम कंपनीने 1958 च्या सुमारास त्याला गझार करून दिलं: पीळदार धाग्यांचं, स्वतःच आकार धरणारं रेशीम. म्हणजे पॅटर्नशी झटापट नंतर, आधी कापडाची चौकशी.

मग टाफेटाच्या दोन पट्ट्या कापल्या, एक ताण्याच्या (कापडाच्या लांबीतल्या धाग्यांच्या) दिशेने, एक बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या), आणि टेबलाच्या कडेवरून सारख्याच लांबीने बाहेर सोडल्या. ताण्याच्या पट्टीने लगेच मान टाकली, बाण्याची जवळजवळ आडवीच. नेहमीच्या नियमाने ताणा उभा धरला, की तळाशी वळण घ्यायचं काम नेमकं लुळ्या धाग्यावर येतं. म्हणून नवीन कापड आडवं कापलं, काठ कमरेला समांतर. वर बक्षीस असं, की लांबी पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, निघाली, घेर सलग मिळाला, बाजूच्या शिवणी गेल्या! वळणापुरती आतून सिल्क ऑर्गंझाची (पातळ पण ताठ रेशमाची) पट्टी धावदोऱ्याने धरली आणि वरचं कापड अस्तरावर किंचित फिरवून जोडलं, म्हणजे चुण्या तिरक्या पडतात.

ऑर्गंझा हात लावूनच घ्या. मला मुंबईचं मंगळदास मार्केट मानवलं. ऑनलाइन आलेला ‘प्युअर सिल्क’ धागा जाळला तर कडक मणी उरला. रेशमाची राख चुरते आणि केस जळल्याचा वास येतो.

पुढचा नंबर डिझायनर कमालीने क्लोए ब्रँडसाठी केलेल्यांसारख्या झालरीच्या शिफॉन ब्लाउजचा होता. तो आता मागे. डिझायनर अँडरसनने डिओरमध्ये आखूड केलेलं बार जॅकेट (डिओरचं कमरेत घट्ट बसणारं प्रसिद्ध जॅकेट) करावं म्हणत होते, पण हे लिहिता लिहिता कपाटातल्या साड्यांनाही तीच परीक्षा दिली. माहेश्वरी लोळली. जुनी टिश्यू बाण्यातल्या जरीमुळे मस्त ताठ! तर जॅकेटही राहू दे, सॅक ड्रेसच, त्या टिश्यूचा, आतून मलमल, कारण जरीचे धागे टोचतात.

टिश्यूची पाठ ऑर्गंझाशिवाय कुणी उभी केली असेल तर आतल्या शिवणीचा फोटो टाका, बाहेरचा नको.