बोली पुसून आकडा नको

आज विद्यापीठात एम.ए.च्या मुलांसोबत जात्यावरच्या ओव्यांचा डेटाबेस उघडून बसले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून उभं केलेलं काम. गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या १ लाखाहून जास्त ओव्या!

एकट्यानं वाचायच्या तर वर्षं जातील. संगणक मात्र भाऊ, सासर, पाऊस कुठे कुठे आलाय ते क्षणात दाखवतो. अडचण एकच: 'सांगते' आणि 'सांगती' त्याच्या लेखी वेगळे. मुलं म्हणाली, मॅडम, सगळं प्रमाण मराठीत करून टाकू. मी स्पष्ट नाही म्हटलं. मुळशीची बाई जशी गायली तशीच ओळ राहू दे, शोधासाठी शेजारी प्रमाण रूपाचा दुसरा रकाना करा. थोडं काम वाढेल, वाढू दे.

मग हेडफोनवर एक ओवी ऐकली. एकीनं ओळ धरली, दुसरीनं उचलली, मागे जात्याची घरघर. यादीत पुढे विषय लिहिलेला, 'भाऊ'. आवाजात मात्र माहेर तुटल्याचं दुःख भरलेलं. अर्थात यादी नसती तर लाखभरातून ही ओवी हाती लागलीच नसती.

आता प्रत्येकानं आपापल्या विषयातल्या काही ओव्या ऐकून मगच आलेख काढायचा, असं ठरलंय.